प्रतिसाद: पहिला नंबर म्हणजे फायदाच?

स्कीइंगच्या शर्यतीत ‘लवकर उतरणाऱ्यालाच फायदा’ असं वर कुणी म्हटलंय; ते स्लॅलमला, म्हणजे जवळजवळच्या गेटांमधून (खांबांमधून) वळणं घेत उतरायच्या शर्यतीला, लागू पडतं. तिथे गेटांभोवती बर्फात खड्डे पडत जातात. डाउनहिलचं, म्हणजे सुसाट वेगाने उतरायच्या शर्यतीचं, गणित वेगळं. १९७६ ला इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडचा रुसी तिसरा उतरला, ऑस्ट्रियाचा क्लॅमर पंधरावा, म्हणजे अव्वल गटात शेवटचा. तरी क्लॅमर ०.३३ सेकंदांनी जिंकला! तेव्हा पहिल्या पंधरांत उतरायच्या नंबरासाठी चिठ्ठ्याच टाकत. नंतर डाउनहिलला क्रमवारीतल्या अव्वलांना १६ ते २२ नंबर मिळू लागले. ऊन सरकलं, उजेड गेला की त्यांचंच नुकसान. २०१६-१७ पासून काही वर्षं क्रमवारीतल्या पहिल्या दहांना १ ते १९ मधला विषम नंबर स्वतः निवडायला मिळत असे. मला हेच पटतं, नशिबाला बोल लावायची सोय नाही. स्लॅलमच्या दुसऱ्या फेरीत मात्र पहिल्या फेरीतले पहिले तीस उलट्या क्रमाने उतरतात; ते थरारासाठी, न्यायासाठी नव्हे.