बायनरी ट्रीची मिनिमम डेप्थ: रिकर्शननं उत्तर १ का येतंय?

थर्डसेम_शहापूर:
व्हीटीयू (बेळगावचं टेक्निकल विद्यापीठ) थर्ड सेम, डेटा स्ट्रक्चर्स सी मध्ये करालोय. मॅक्स डेप्थ (रूटपासनं, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडपासनं, सगळ्यात लांबच्या टोकापर्यंतचे नोड) बरोबर आली, नल (तिथं नोडच नाही) असला की ०, नाहीतर डावी-उजवीतली मोठी अधिक १. मिनिममला (सगळ्यात जवळच्या टोकापर्यंतचे नोड) नुसतं मोठीच्या जागी लहान घातलं तर काही ट्रीला बरोबर, काहींना चूक. रूट १०, त्याला फक्त उजवीकडं २०, त्याला फक्त उजवीकडं ३०, उत्तर ३ पाहिजे आणि यालंय १. लॅबमधला पार्टनर कन्नडमधनं सांगालाय बेस केस (फंक्शन स्वतःलाच बोलवायचं जिथं थांबवतंय ती अट) बघ म्हणून, पण त्यात काय चुकलंय तेच कळेना. नुसता कोड नको, कारण सांगा.

निपाणीकर:
हातानं चालवून बघ की. ३० ला दोन्हीकडनं ०, म्हणून १, हे बरोबर. आता २० वर ये, डावीकडनं ०, उजवीकडनं १, लहान ०, अधिक १ म्हणजे परत १. घोळ इथंच हाय, १० ला पण तेच होतंय. मॅक्समध्ये खरी फांदी कमीत कमी १ देतेच, त्यामुळं नलचा ० कधी जिंकत नाही आणि चूक दिसत नाही. मिनमध्ये तोच ० दरवेळी जिंकतोय. आपल्याला जवळच्या लीफपर्यंत जायचंय, आणि लीफ म्हणजे ज्याला दोन्हीकडं चाइल्ड नाही तो नोड, नल म्हणजे लीफ न्हवं.

खानापूर_कोडर:
बेस केस तसाच ठेव, पुढं वाढव: डावं नल असलं तर उजवीकडचं उत्तर अधिक १, उजवं नल असलं तर डावीकडचं अधिक १, दोन्ही असतील तरच लहान घे. लीफ आपोआप १ देतो. काहीजण नलला इंट मॅक्स (इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा) परत देतात, ते करायचं असलं तर लीफची अट आधी लिहायलाच पाहिजे, नाहीतर लीफवर इंट मॅक्स अधिक १ होऊन ओव्हरफ्लो होतंय.

थर्डसेम_शहापूर:
३ आलं अण्णा! मॅक्समध्ये ० झाकला जातोय हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण लीफ रूटच्या जवळच असला तरी हे सगळी ट्री फिरतंय का?

निपाणीकर:
होय, दुसरी फांदी हजार नोड खोल असली तरी तळापर्यंत जातंय. तिथं रिकर्शनऐवजी क्यू (आधी आलेला आधी बाहेर, अशी रांग) घेऊन लेव्हलनं, वरनं एकेक थर चाल, पहिला लीफ दिसला की थांब.