मदत हवी आहे: स्विचरवर ‘की’चं बटण नेमकं काय करतं?

चार इनपुटचा व्हिडिओ स्विचर (कॅमेऱ्यांमधून कोणाचं चित्र दाखवायचं ते निवडणारं यंत्र) पहिल्यांदाच हाताळतोय. लाल बटण म्हणजे प्रोग्रॅम (आत्ता बाहेर जाणारं चित्र), हिरवं म्हणजे प्रिव्ह्यू (पुढे येणारं), इतकं पक्कं समजलं. ‘कट’ दाबलं की दोन्ही लगेच बदलतात. ‘ऑटो’ने हाच बदल हळूहळू होतो; त्याला २५ फ्रेम, म्हणजे २५ एफपीएसवर (सेकंदाला २५ फ्रेम) एक सेकंद, आणि तेवढा वेळ दोन्ही बटणं लाल. तेही ठीक.

अडलंय ते नावाच्या पट्टीवर. ती अपस्ट्रीम कीवर आहे (‘की’ म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रावर चढणारा थर; अपस्ट्रीम की कॅमेरा बदलासोबत येऊ-जाऊ शकते). एका ‘ऑटो’ला येते, पुढच्या ‘ऑटो’ला जाते! नेक्स्ट ट्रान्झिशनमध्ये (पुढच्या बदलात काय काय बदलेल ते ठरवणारी बटणं) ‘बॅकग्राउंड’, म्हणजे मागचं कॅमेऱ्याचं चित्र, आणि ‘की’ दोन्ही पेटलेले दिसतात. रीस्टार्ट करून पाहिलं, केबल बदलली, फरक नाही. लॅपटॉप जोडता येणार नाही, फक्त पॅनेलवरूनच करायचंय.

कॅमेरे बदलत राहिले तरी पट्टी स्थिर राहावी, तर नुसतं ‘की’ बंद करून ‘बॅकग्राउंड’ ठेवू, की पट्टी डाउनस्ट्रीम कीवर (सगळ्यात वरचा, वेगळ्या बटणाने चालणारा थर) हलवू?