वहीतली जुनी नोंद खोडायची का?

लाँगबुकवाला:
सिनेमा पाहिला, पुस्तक संपलं किंवा एखादी रेकॉर्ड नीट ऐकली की त्याच रात्री लाँगबुकात चार ओळी खरडायच्या, ही माझी जुनी खोड. समीक्षा वगैरे नाही हो, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. काय वाटलं ते लिहायचं, तारीख टाकायची, तिकीट डकवायचं. (मल्टिप्लेक्सच्या तिकिटांवरची शाई उडून आता कोरे चिटोरे उरलेत, ते सोडा.)

एप्रिल २०१५ मध्ये 'कोर्ट' हा मराठी सिनेमा थिएटरात पाहिला, त्या रात्रीची नोंद अशी: 'फार संथ. कॅमेरा खुंटीला टांगल्यासारखा. वकीलबाई कलमं वाचतायत, वाचतायत. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे जातात, पडदा काळा. संपला समजून उठलो, मागचा म्हणाला बसा. याला राष्ट्रीय पुरस्कार?'

पुढे आमच्या पागडीच्या खोलीचं प्रकरण कोर्टात गेलं. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून हेलपाटे माझ्या वाट्याला. सकाळी जाऊन बाकड्यावर बसायचं, पुकारा झाला की दीड मिनिटात पुढची तारीख. एकदा समोरचे वकील आले नाहीत, एकदा आमचेच.

मागच्या रविवारी सिनेमा पुन्हा लावला. संथ कुठाय? भराभर सरकतो की! एका बाईंनी बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश त्यांचं प्रकरण पुढे ढकलतात, तिथे तेव्हा मी हसलो होतो. या वेळी मनात आलं, ही रजा टाकून आली असेल. आणि गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलने घरी जाते, गेल्यागेल्या स्वयंपाकाला लागते, त्याबद्दल माझ्या वहीत अक्षर नाही. तेव्हा तिचा नुसता राग आला होता.

तर जुनी नोंद खोडू, की खाली नवी लिहू? बायको म्हणते, वाचणार कोण आहे? तेही खरंच.

स्लोट्रॅक:
खोडू नकोस रे. पण नवी लिहितानाही जरा दमानं घे. केस तुझ्या खोलीची झाली, सिनेमा होता तिथेच आहे. मला तो तेव्हाही संथ वाटला, परवाही वाटला, आणि दोन्ही वेळा आवडला. संथ म्हणजे वाईट हे तूच धरून बसलायस.

गिरणगावची:
दादा, आमच्याकडे किशोरीताई आमोणकरांची एलपी होती. एका बाजूला भूप राग, दुसरीला बागेश्री. रविवारी बाबा तीच लावायचे. बाकीच्या मुली खाली अंगणात लंगडी खेळायच्या आणि मी रेकॉर्ड प्लेअरपाशी पहाऱ्यावर, कारण भूपातल्या 'सहेला रे' या बंदिशीत एका जागी चरा होता. सुई तिथे अडकायची, तेच तेच यायचं, मग मी बोटाने हलकेच पुढे ढकलायची. आता फोनवर स्वच्छ ऐकते. भूपात मध्यम नाही, निषाद नाही, उरलेल्या पाच सुरांत एवढं सगळं कसं उभं राहतं हे आत्ता कुठे डोक्यात शिरतंय. पण ती जागा जवळ आली की बोट अजून उचललं जातं! लहानपणी वही ठेवली असती तर त्यात 'कंटाळा. रेकॉर्ड अडकते' एवढंच असतं. ते मी कुणाला खोडू दिलं नसतं.

माटुंगारोड:
भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' हे पुस्तक १९६५ चं. आचार्य अत्रे त्यावर तुटून पडले, दुर्गाबाई भागवत पाठीशी उभ्या राहिल्या. दोन्ही आजही सांगितलं जातं. अत्र्यांचं कुणी खोडलं नाही, मग तुमचं कशाला? तारीख घातलीय ना, झालं तर. आणि तिकिटांच्या झेरॉक्स काढून डकवत जा, शाई टिकेल.

लाँगबुकवाला:
झेरॉक्सचं आधी का नाही सुचलं!
स्लोट्रॅक, पूर्ण पटलं नाही, पण 'संथ'खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. ताई, ती एलपी अजून असेल तर फेकू नका. माझी नोंद आहे तशी राहू देतो, नवी समोरच्या पानावर. सोमवारी तारीख आहे. लाँगबुक सोबत नेतो, बाकड्यावर वेळच वेळ असतो.