मदत हवी आहे: संगणकशास्त्राची पदवी आहे, इंटर्नशिप एकही नाही. पहिली नोकरी कशी मिळवावी?

शून्यापासून_मोजा (धागाकर्ता)

आतापर्यंतचा हिशोब: ८४ अर्ज, ३ ऑनलाइन चाचण्या, १ मुलाखत, पुढे शांतता.

रेझ्युमे दोन कॉलमचा आहे. डावीकडे कौशल्यांच्या पट्ट्या (जावा ८०%, एसक्यूएल ७०% वगैरे), उजवीकडे बाकी सगळं. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ११ रेपो (प्रोजेक्टच्या कोडचे साठे) आहेत, बहुतेक असाइनमेंटच्या. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा होता: ग्रंथालय व्यवस्थापन, जावा आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. त्यात डेटाबेस आणि दंडाची आकारणी माझ्याकडे होती.

प्रश्न असे: 'अनुभव' या रकान्यात काय लिहायचं? नवा प्रोजेक्ट करू की सर्टिफिकेट घेऊ? डीएसएचे (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) किती प्रश्न सोडवावेत? आणि टेस्टिंग किंवा सपोर्टची नोकरी घेतली तर कायमचा शिक्का बसतो का?

अर्धविराम

आधी गळती कुठे आहे ते बघा. ८४ पैकी किमान ८० अर्ज पहिल्याच पायरीवर थांबलेत, म्हणजे दोष रेझ्युमेत किंवा अर्जांच्या निवडीत आहे. डीएसए कच्चं असतं तर चाचण्या बऱ्याच आल्या असत्या आणि त्यात तुम्ही पडला असता. त्यामुळे तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

दोन मिनिटांची परीक्षा: रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. भरतीचं सॉफ्टवेअर साधारण असाच मजकूर काढून घेतं. दोन कॉलम असले की ओळी अनेकदा एकमेकींत शिरतात: 'जावा ग्रंथालय व्यवस्थापन पायथन चौघांचा प्रोजेक्ट'. पट्ट्या चित्रांच्या असतात, त्या गायबच होतात. रेझ्युमे डिझाइनच्या ॲपमधून चित्र म्हणून निघाला असेल तर नोटपॅड कोरं राहतं. फोन आणि ईमेल हेडरमध्ये टाकू नका, काही पार्सर (मजकूर काढणारी सॉफ्टवेअर) हेडर-फूटर वाचत नाहीत.

(सॉफ्टवेअर गुण देऊन परस्पर अर्ज फेकतं, हा समज बराचसा फुगवलेला आहे. आपोआप नकार येतो तो बहुधा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे, जसं की किती वर्षांचा अनुभव किंवा कामाचा परवाना. बाकी ठिकाणी रिक्रूटर शब्द टाकून शोधतो. तुमचा शब्दच विस्कटला असेल तर तुम्ही त्या शोधात येत नाही, एवढंच.)

तर एक कॉलम, एक पान. क्रम: नाव-संपर्क, प्रोजेक्ट, शिक्षण, कौशल्यं. टक्केवारी काढून टाका. 'जावा ८०%' वाचून मुलाखत घेणारा हमखास उरलेल्या २० मधलंच विचारतो.

'अनुभव' हा मथळाच नको. रिकामा रकाना डोळ्यात खुपतो, नसलेला रकाना कोणी शोधत नाही. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट कंपनीचा म्हणून दाखवायचा मोह टाळा. पार्श्वभूमी तपासणी ऑफरनंतरही होते आणि तिथे हातची नोकरी जाते.

आता ओळी कशा लिहायच्या ते. नेहमीची ओळ अशी असते: 'ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली विकसित केली. जावा, मायएसक्यूएल वापरले.' यातून काही कळत नाही. त्याऐवजी (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे टाका; स्कीमा म्हणजे टेबलांची रचना, युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या छोट्या भागाची तपासणी):

'चौघांचा प्रोजेक्ट, माझा भाग ७ टेबलांचा स्कीमा आणि उशिराचा दंड. दंडातून सुट्टीचे दिवस वगळण्याचा नियम, त्यावर १४ युनिट टेस्ट. एकच प्रत एकाच क्षणी दोघांच्या नावावर चढण्याची चूक शोधून बंद केली.'

शेवटचं वाक्य लिहिणार असाल तर ते खरोखर करा, कारण प्रश्न त्याच्यावरच येणार. नुसतं ट्रॅन्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा डेटाबेसमधल्या कामांचा गट) गुंडाळून भागत नाही. दोन्ही ट्रॅन्झॅक्शन आधी 'प्रत उपलब्ध' असं वाचतात आणि मग दोन्ही लिहितात. एक तर वाचतानाच सिलेक्ट फॉर अपडेटने ती ओळ लॉक करा, नाहीतर 'स्थिती उपलब्ध असेल तरच बदल' असा एकच अपडेट चालवून किती ओळी बदलल्या ते तपासा. १ आली तर पुस्तक दिलं, ० आली तर दुसऱ्याने आधी नेलं.

क्लोन_करून_बघा

वरच्या प्रतिसादाला +१. रेपोंबद्दल बोलतो.

११ रेपो म्हणजे ११ वेळा निराश करण्याची सोय. असाइनमेंट प्रायव्हेट करा. प्रोफाइलवर ६ पर्यंत पिन करता येतात, पण तुम्ही दोनच करा. नवा प्रोजेक्टही नको. हवामान ॲप आणि टू-डू लिस्ट सगळ्यांकडे असते. ग्रंथालयवालाच पुढे न्या, कारण त्यात नियम आहेत, आणि नियम असले की बोलायला विषय मिळतो.

सुरुवात अशी: रिकाम्या फोल्डरमध्ये स्वतःचाच रेपो क्लोन करा (प्रत उतरवा) आणि फक्त रीडमीत (रेपोची ओळख आणि सूचनांची फाइल) लिहिलंय तेवढंच करून तो चालवा. शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर. इथे काय काय मोडतं ते जवळपास ठरलेलं आहे: कोडमध्ये सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला, टेबलं तयार करणारी एसक्यूएल फाइल रेपोत टाकायचीच राहिलेली, जावाची आवृत्ती कुठेच लिहिलेली नाही, डेटाबेसचा पासवर्ड मात्र कोडमध्ये. हे सगळं निस्तरून डॉकर कंपोजची (ॲपचे भाग एकत्र सुरू करणारं साधन) एक फाइल लिहा, म्हणजे डेटाबेस आणि ॲप एकाच कमांडने उभे राहतील. मग गिटहब ॲक्शन्सची (कामं आपोआप चालवणारी गिटहबची सोय) छोटी फाइल, जी प्रत्येक पुशला (कोड वर चढवला की) टेस्ट चालवेल.

त्यानंतर १०,००० पुस्तकं आणि ५०,००० देवाणघेवाणींचा खोटा डेटा भरा. पाच पुस्तकांवर सगळंच पळतं, खरे दोष इथे दिसतात. समजा १०० नोंदींची यादी दाखवायला १०१ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जाताहेत: एक यादीची आणि प्रत्येक नोंदीमागे सभासदाचं नाव आणणारी एकेक. जॉइन करून (दोन टेबलं एकाच क्वेरीत जोडून) ती संख्या १ वर आणा, आधी किती वेळ लागत होता आणि नंतर किती, ते मोजून रीडमीत चार ओळी लिहा. सर्टिफिकेटपेक्षा या चार ओळी जड आहेत. (माझं मत. क्लाउडच्या किंवा नेटवर्किंगच्या कामांना परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. नुसते व्हिडिओ संपवून मिळालेलं कोणी बघत नाही.)

फुकट होस्टिंगवर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा: बरंच फुकट होस्टिंग वापर नसला की ॲप झोपवतं आणि पहिली विनंती बराच वेळ लटकते. बघणारा तोवर टॅब बंद करतो. म्हणून रीडमीत वरच ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग द्या.

शून्यापासून_मोजा (धागाकर्ता)

नोटपॅडची परीक्षा केली. अक्षरशः खिचडी निघाली. पासवर्डही खरंच कॉन्फिग फाइलमध्ये सापडला. तो पुसून नवा कमिट (बदलाची नोंद) केला आहे. एवढं पुरे ना?

क्लोन_करून_बघा

नाही. जुन्या कमिटमध्ये तो तसाच आहे, इतिहास चाळला की दिसतो. आधी पासवर्ड बदला, बाकी सगळं त्यानंतर. एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) असेल तर ती रद्द करून नवी घ्या. इतिहास धुवायला गिट फिल्टर-रेपो हे साधन आहे, पण कोणी आधीच क्लोन केलं असेल तर त्यांच्याकडची प्रत तुमच्या हातात नाही. म्हणूनच बदलणं पहिलं. पुढे गुपितं वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) ठेवा आणि तिचं नाव गिटइग्नोअरमध्ये (गिटने नोंदवायच्या नाहीत अशा फाइलींची यादी) टाका. फाइल आधीपासून ट्रॅक होत असेल तर गिटइग्नोअरचा तिच्यावर काही परिणाम होत नाही, तिला गिट आरएम कॅश्ड या कमांडने इंडेक्समधून (गिटच्या नोंदीतून) काढावं लागतं.

रांगेतला_पहिला

डीएसएचं: मोजणी सोडा, प्रकार धरा. ॲरे-हॅशमॅप, दोन पॉइंटर, स्टॅक, बायनरी सर्च, ट्रीवरचं बीएफएस-डीएफएस, साधा ग्राफ. प्रत्येकाचे १० ते १२ नीट झाले की प्रवेशपातळीच्या बहुतेक चाचण्यांना पुरतात. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवर महिना घालवू नका. पद्धत: २५ मिनिटं झटा, नाही सुटलं तर उत्तर वाचा, तीन दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा. हे 'पुन्हा' गाळलं तर बाकी सगळं पाण्यात.

अवांतर: बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) मधला इंडेक्स दोन टोकांची बेरीज भागिले २ असा काढला तर मोठ्या ॲरेत बेरीज इंटच्या (जावाच्या पूर्णांकाच्या) मर्यादेबाहेर जाते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक होती, २००६ साली तिची जाहीर वाच्यता झाली. खालचं टोक अधिक फरकाचा अर्धा, असं लिहायची सवय लावा.

एसक्यूएल मात्र पक्कं करा, नवख्यांना तिथे हमखास अडकवतात. 'सगळे सभासद दाखवा, मार्चमध्ये पुस्तक न नेलेलेही' असं विचारलं की मुलं लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लिहितात आणि तारखेची अट व्हेअरमध्ये टाकतात. न नेलेल्यांची तारीख नल (रिकामी) असते, अट तिला गाळते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी देणारा) होऊन बसतो. अट जॉइनच्या ऑन भागात हवी. तसंच, नॉट इनच्या (यादीत नसलेल्या ओळी शोधणारी अट) आतल्या यादीत एक जरी नल आला तर उत्तरात एकही ओळ येत नाही.

पाटी_पेन्सिल

शिक्का नोकरीच्या नावाने बसत नाही, रोज काय करता त्याने बसतो. टेस्टिंगमध्ये ऑटोमेशनचा कोड लिहून तो रेपोत जात असेल तर बिनधास्त घ्या. सपोर्टमध्ये लॉग वाचणं, क्वेरी चालवणं, स्क्रिप्ट लिहिणं असेल तरी घ्या. तिकिटं फक्त पुढे ढकलायची असतील तर विचार करा. मुलाखतीत सरळ विचारा: 'कोड रेपो बघायला मिळतो का? या टीममधून डेव्हलपमेंटमध्ये कोणी गेलंय का?' उत्तर गुळमुळीत आलं की समजून जा.

नोकरीसाठी प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागितली तर तिथेच थांबा.

इंटर्नशिपची जागा थोडीफार भरून काढायची तर ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेले प्रोजेक्ट). गुगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचा कार्यक्रम) २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, ओपन सोर्समध्ये नव्या असलेल्या १८ वर्षांवरच्या कोणालाही अर्ज करता येतो. एरवीही 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमणारी कामं) लेबल बघा, पण थेट कोडवर उडी नको. आधी एखादा उघडा बग स्वतःच्या मशीनवर घडवून, नेमक्या पायऱ्या तिथे लिहा. मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) तेच हवं असतं. रीडमीतला स्वल्पविराम बदलणारे पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) मात्र पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरमधला ओपन सोर्सचा उपक्रम) त्यांचा असा पूर आला की आयोजकांना मधेच नियम बदलावे लागले.

शून्यापासून_मोजा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली). शेवटचं एक: आठवड्याला किती अर्ज करावेत?

अर्धविराम

दहा. पण जाहिरात ताजी असताना, आणि त्यातल्या तीन ठिकाणी तरी टीममधल्या एखाद्याला पाच ओळींचा निरोप: कुठली जागा, तुमचं कुठलं काम तिच्याशी जुळतं, रेपोची लिंक. 'रेफरल (शिफारस) द्या' पहिल्याच ओळीत नको. तक्ता ठेवा: तारीख, जागा, रेझ्युमेची आवृत्ती, कुठून अर्ज केला, कुठवर पोचला. नव्या रेझ्युमेवर ३० अर्ज झाले आणि तरी फोन नाही, तर रेझ्युमे इथे डकवा, नाव आणि नंबर झाकून.