एचआयव्ही संशोधन: शहराच्या आरोग्य विभागासोबत भागीदारी कशी सुरू करावी?

प्रश्न: उपचार मध्येच थांबवलेल्या एचआयव्हीबाधितांचा अभ्यास आमचा विद्यापीठातील गट शहराच्या आरोग्य विभागासोबत करू इच्छितो. प्रश्नावली तयार आहे. पुढे काय करावे?

प्रतिसाद १: प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवावी आणि विभागाला कोणती अडचण भेडसावते ते आधी विचारावे, कारण तयार आराखड्यावर नुसती सही मागणे म्हणजे भागीदारी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत निदानानंतर लगेच औषध सुरू करण्याची पद्धत २०१३ मध्ये एका रुग्णालयात रुजली आणि विद्यापीठ, आरोग्य विभाग व रुग्णांच्या संघटना एकत्र आल्यामुळेच ती पुढे शहरभर पोहोचली.

प्रतिसाद २: नोंदवहीत ‘उपचार सोडले’ असे दिसणारे काही जण प्रत्यक्षात दुसऱ्या गावी औषधे घेत असतात, त्यामुळे यादी पडताळल्याशिवाय निष्कर्ष काढू नयेत. आणि कृपया गोपनीयतेचे नियम लेखी ठरवा. समुपदेशकाचा फोन घरातल्या दुसऱ्याच कोणी उचलला, तर काय बोलायचे हेसुद्धा त्यात हवे.

प्रश्नकर्ता: फोनचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. पहिल्या बैठकीला समुपदेशकांनाही बोलावतो.