सराव प्रश्नपत्रिका फाडा म्हणणाऱ्यांना, एका दोनशिक्षकी शाळेतून

दोनशिक्षकी:
काल इथे एका पालकांनी लिहिलं, 'शिष्यवृत्तीचे ज्यादा तास म्हणजे शाळेच्या नावासाठी मुलांची पिळवणूक. सराव प्रश्नपत्रिका फाडा आणि मुलांना मैदानावर सोडा.' खाली कौतुकाची रांग लागली. मला रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. आम्ही दोघं शिक्षक. आमच्या मुलांना मैदानावर सोडावं लागत नाही, ती तिथेच असतात. शाळा सुटली की शेळ्या, पाणी, धाकटं भावंड. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि लाइट बिल. यातल्या कित्येकांना गणित उत्तम येतं. एक मुलगा आठवडी बाजारात बापाच्या आधी तोंडी हिशेब सांगतो. पण 'खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?' हे वाक्य त्याने आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं. तो 'योग्य' वाचतो आणि वर्तुळ काळं करून मोकळा होतो. पेपर ७५ प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यात वाचायचं, सोडवायचं आणि योग्य जागी वर्तुळही भरायचं.

मधली काही वर्षं शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीला होती. या वर्षी चौथीची परीक्षा परत आली आणि पहिला सराव घेतला. एका मुलीने सुरुवातीचाच एक प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेत ती ओळ रिकामी सोडली नाही. पुढची सगळी वर्तुळं एकेक घर वर सरकली. सराव ५० प्रश्नांचा होता, त्यातली ९ बरोबर. प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा पाहिल्या तर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. चौथ्या सरावापर्यंत तिने स्वतःच युक्ती काढली, उत्तरपत्रिकेवर पट्टी धरायची आणि दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायचा. तुम्ही सराव फाडलात तर परीक्षा थांबणार नाही. ज्यांना क्लास परवडतो ती मुलं सराव करून येतील आणि माझी मुलं कोरी जातील.

वाचनतास:
सर, त्या मुलीचं मनापासून कौतुक. मीही जिल्हा परिषदेतच आहे, पाचवीला शिकवते. तुम्ही पट्टी धरणाऱ्या मुलीबद्दल लिहिलंत, पट्टी धरायला ज्यांना बोलावलंच नाही त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

दिवाळीनंतर वर्गाचे दोन भाग पडतात. 'शिष्यवृत्तीची मुलं' पुढे, बाकीचे मागे शुद्धलेखन लिहीत. मी स्वतः हे केलंय, कुणावर ढकलत नाही. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. त्याला रोज वीस मिनिटं द्यायची माझी इच्छा होती. ती वीस मिनिटं बुद्धिमत्ता चाचणीतल्या आरशातली प्रतिमा आणि जलप्रतिमा यांच्यात गेली. फेब्रुवारीत परीक्षा झाली, मार्चमध्ये मी त्याच्याकडे वळले, एप्रिलमध्ये तो सहावीत गेला. जोडाक्षरं तशीच राहिली.

आणि पुढच्या बाकावरच्यांना तरी आपण काय शिकवतो? मार्गदर्शिकेत चौकट असते, 'सामान्य वर्षात १ जानेवारी व ३१ डिसेंबरला एकच वार येतो.' मुलं धडाधड म्हणतात. मी विचारलं, लीप वर्षात? वर्ग गप्प. ३६५ ला ७ ने भागा, बाकी १ उरते, म्हणून वर्षाचा शेवट सुरुवातीच्याच वाराला येतो. लीप वर्षात बाकी २, म्हणून एक वार पुढे. हे समजवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्हाला कुणी देत नाही, कारण आठवड्याला दोन सराव संपवायचे असतात.

आठवीची आई:
मॅडम, तुमच्याकडे निदान सराव जास्त झाल्याची तक्रार आहे. आमच्याकडे झालाच नाही. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही वर्तुळं रंगवली तरच गुण मिळतात. माझ्या मुलाने त्या प्रत्येक प्रश्नाला एकच रंगवलं. उत्तर माहीत असून शून्य! घरी येऊन म्हणाला, 'आई, मला वाटलं दुसरं भरलं तर चूक धरतील.' आयुष्यभर त्याला एका प्रश्नाला एक उत्तर हेच शिकवलंय. शाळेत विचारलं तर म्हणाले, सूचना छापलेली असते. असते, मान्य. पण तेरा वर्षांच्या मुलाला ती एकदा तरी करून दाखवायला नको?

पाचवीचा वर्गशिक्षक:
ताई, तुमचं दुःख खरं आहे, त्या शाळेने सराव घ्यायलाच हवा होता.

मला दोनशिक्षकी सरांच्या एका वाक्यावर बोलायचंय. 'चौथीची परीक्षा परत आली' हे तुम्ही आनंदाने लिहिलंत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. म्हणून २०१६-१७ पासून परीक्षा पाचवी-आठवीला नेली होती. तेच बरोबर होतं. नऊ वर्षांच्या लेकराला ९० मिनिटं एका जागी बसवून वर्तुळं भरायला लावणं मला पटत नाही. शिवाय निर्णय आला ऑक्टोबर २०२५ मध्ये, अर्धं वर्ष उलटल्यावर. पाचवी-आठवीची परीक्षाही या वर्षी आहेच, म्हणून आमच्या शाळेत एकाच वर्षी चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही वर्गांची तयारी. शिक्षक तेवढेच.

दोनशिक्षकी:
सर, पाचवी तुमच्याकडे होती म्हणून तुम्हाला ते बरोबर वाटतं. चौथीपर्यंतच्या शाळेत बसून बघा.

परीक्षा पाचवीला गेली आणि आमच्यासारख्या शाळांमधून शिष्यवृत्ती हा शब्दच गेला. चार वर्षं मी पाढे, अपूर्णांक, वाचन करून घ्यायचं. मूल जूनमध्ये तुमच्या शाळेत जायचं आणि फेब्रुवारीत परीक्षा द्यायचं. गुणवत्ता यादीत शाळा तुमची. पालकांना दिसतं काय? त्या शाळेचा फलक. मग दुसरीतलं पोरही तिकडे. आमचा पट, म्हणजे मुलांची संख्या, दरवर्षी घसरत गेला. पट घसरला की एक शिक्षक जाईल ही भीती उशाशी असते. परीक्षा चौथीला परत आल्यावर पहिल्यांदा पालक सभेला बाप लोक आले, एरवी फक्त आया येतात. त्याचा आनंद मी लपवणार नाही.

पाचवीचा वर्गशिक्षक:
म्हणजे मूळ प्रश्न पटाचा आहे, मुलांचा नाही. हेच त्या पालकांनी काल लिहिलं होतं, आणि त्यावरच तुम्हाला झोप आली नाही.

आणि 'पाया आमचा, नाव तुमचं' हे फार ऐकलं. जूनमध्ये आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. आठ महिन्यांत ती आम्ही करून घेतो, सुट्टीच्या दिवशीही शाळा उघडतो. झेरॉक्सचे पैसे माझ्या खिशातून जातात. ते नाव फुकट मिळालेलं नाही.

दोनशिक्षकी:
झेरॉक्स माझ्याही खिशातून जातात सर. आणि पट आणि मुलं वेगळी कशी करता? शाळा बंद झाली तर माझ्या वस्तीवरची सहा-सात वर्षांची मुलं ओढा ओलांडून कुठे जाणार? पावसाळ्यात एकदा चालून बघा ती वाट. पिळवणूक हा शब्द मग वापरा.

वाचनतास:
दोघंही थांबा. चौथी की पाचवी यावर इतकं लिहून झालं, पण मागच्या बाकाबद्दल अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही. परीक्षा कोणत्याही वर्गाला ठेवा, तो मुलगा दोन्हीकडे मागेच बसणार आहे.

जुना शिष्यवृत्तीधारक:
इतका वेळ फक्त वाचत होतो. मी चौथी आणि सातवी, दोन्ही वेळा शिष्यवृत्तीधारक. रक्कम तेव्हा अगदी किरकोळ होती. आता पाचवीला वर्षाला ५,००० आणि आठवीला ७,५०० केली ती २०२३ मध्ये. पण आईने ते पैसे कधी खर्च केले नाहीत. वर्तमानपत्रातल्या यादीचं कात्रण तिने देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. गुरुजी पहाटे कंदील घेऊन बोलवायला यायचे. आज मी जो काही आहे तो त्या पहाटेच्या तासांमुळे. त्या तासांना पिळवणूक म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

पण माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत, त्याच गुरुजींकडे होता. त्याला त्या तासांना घेतलं नाही. 'हा निकाल खाली आणेल' असं त्याच्यासमोर म्हटलं गेलं. तो आज चाळिशीचा आहे, स्वतःचं गॅरेज आहे, इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. तरी घरी काही हिशेबाचं निघालं की म्हणतो, 'दादाला विचारा, मी मागच्या बाकावरचा.' गुरुजींबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि हा सलही आहे. दोन्ही एकत्र घेऊनच मी जगतोय. दोनशिक्षकी सर, तुमच्या ज्यादा तासाला सगळी चौथी बसते का?

दोनशिक्षकी:
नाही.

चौथीत अकरा मुलं आहेत. सहा बसतात. फॉर्म भरताना मीच ठरवलं कोण बसणार. कारण तेच, वेळ आणि झेरॉक्स. उरलेली पाच त्या वेळी दुसऱ्या मॅडमकडे तिसरीसोबत असतात. तुमच्या भावाबद्दल वाचून त्या पाच जणांची तोंडं समोर आली.

वाचनतास मॅडम, तुमचं सगळं म्हणणं मला मान्य नाही. सराव मी सोडणार नाही. मार्गदर्शिकेच्या चौकटीही काही मुलांना धीर देतात, हे मी पाहिलंय. पण मागच्या बाकाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते मला कालच सुचायला हवं होतं.

वाचनतास:
सराव सोडा असं मी म्हटलंच नव्हतं. सगळ्या अकरा जणांना एक परिच्छेद, त्यावरचे पाचच प्रश्न, रोज. जे अडखळतात त्यांना चांगलं वाचणाऱ्या मुलाशेजारी बसवा. माझ्याकडे आता असं चालतं. ज्यांचा फॉर्म भरलेला नाही तीही प्रश्नपत्रिका सोडवतात. फार फरक पडतो असा दावा करत नाही, पण शुद्धलेखन लिहीत कुणी बसत नाही.

पाचवीचा वर्गशिक्षक:
दोनशिक्षकी सर, ओढ्याची वाट मला माहीत नव्हती. 'प्रश्न पटाचा आहे, मुलांचा नाही' हे माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे घेतो. परीक्षा चौथीला आणणं मात्र चूकच आहे, यावर मी ठाम आहे.

आठवीची आई:
आणि दोन पर्यायांच्या प्रश्नांचं काय? सातवीच्या वर्गाला तरी या वर्षी कुणी ते करून दाखवलं का? धाकटी सातवीत आहे, म्हणून विचारतेय.

पाचवीचा वर्गशिक्षक:
ताई, माझ्याकडे आठवीचे जुने पेपर आहेत. त्यातले तसे प्रश्न वेगळे काढून इथे टाकतो. आधी मुलीला उत्तर विचारू नका. सूचना मोठ्याने वाचायला लावा, आणि किती वर्तुळं भरायची ते तिच्याकडून वदवून घ्या. मग पेन हातात द्या.