थेट निवडून भानगड मिटते म्हणे!

बांधावरचा: काल एकाने इथे लिहिलं, "२०१९ला मत एकाला दिलं, सरकार भलत्याचंच आलं. अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष थेट निवडा, भानगडच मिटेल."

आमच्या गावात मिटवून बघितलीय, राव. २०१७ला सरपंच थेट जनतेतून आला. तो एका पॅनेलचा, नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या. ऐन एप्रिलात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. सरपंच म्हणतो रिवाइंडिंग करू, सदस्य म्हणतात नवीच घ्या. तीन मासिक सभा भांडणात गेल्या, गाव टँकरवर. सरपंच हटवायचा तर सदस्यांचा ठराव पुरत नाही, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. अमेरिकेत याच दुखण्याला शटडाउन म्हणतात: अध्यक्ष आणि तिथल्या संसदेचं खर्चावर जुळत नाही आणि सरकारी कामं ठप्प होतात. २०१८-१९ला ३५ दिवस चाललं.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत सांगून ठेवलंय: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारी निवडली.

न्यूजर्सीकर: ती पोस्ट माझी. मोटर आणि व्हाइट हाउस एका तराजूत? शटडाउनमध्ये कुणी आमदार उचलून सुरत-गुवाहाटीला नेत नाही. १९९९ला वाजपेयी एका मताने गेले, २६९ विरुद्ध २७०. हीच का तुमची जबाबदारी?

पेठेतला: अमेरिकेत "थेट"? २०१६ला हिलरींना सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि अध्यक्ष झाले ट्रम्प. तिथे अध्यक्ष निवडतं ते राज्याराज्यांच्या प्रतिनिधींचं इलेक्टोरल कॉलेज. ते विसरलात की गाळलंत? आणि नकोसा झालेला माणूस घालवायचा कसा? ट्रम्पवर दोनदा महाभियोग आला, दोन्हीदा सुटले. ब्रिटनने पंतप्रधान लिझ ट्रसबाईंना दोन महिनेही टिकू दिलं नाही.

न्यूजर्सीकर: इलेक्टोरल कॉलेजचं मान्य. झालं समाधान? आता जेवा.

सरपंचबाई: बांधावरचे दादा, सदस्यांतून सरपंच निवडायचे तेव्हा काय व्हायचं, तेही सांगा की. आमच्याकडे नऊपैकी पाच जण देवदर्शनाला गेले, फोन बंद, ते सरपंच निवडायच्या दिवशीच जीपमधून उतरले. माझं पॅनेल नव्हतं की जीप नव्हती. थेट निवडणूक होती म्हणून मी आले. २०२०ला आघाडीने ती रद्द केली, २०२२ला शिंदे सरकारने परत आणली. ज्याला जे सोयीचं ते.

बांधावरचा: ताई, तुमच्याकडे सह्या कोण करतं, तेही सांगा मग.

सरपंचबाई: मीच करते. यजमान बाहेर ओट्यावर बसतात, चहा सांगतात. आणखी काही विचारायचंय?

पेठेतला: बांधावरचे, हे चुकलंच तुमचं.

बांधावरचा: शब्द मागे घेतो. पण ताईंच्या बाजूने सदस्य होते म्हणून निभलं. नसते तर?

सरपंचबाई: कोण म्हणतं होते? नऊपैकी तीनच. दोघींना घरी जाऊन समजावलं, वर्ष गेलं त्यात. सोपं नाही, एवढं तुमचं खरं. पण मोटरच्या बाबतीत तुमचा सरपंच बरोबर होता. आमची साडेसात एचपीची चार दिवसांत रिवाइंड होऊन आली.

बांधावरचा: कुठे केली?

न्यूजर्सीकर: अहो, मी राष्ट्राध्यक्षाबद्दल लिहिलं होतं!